सांकेतिक भाषेचा दुभाषी : हुनरही आणि अमानतही

बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची रीत आपल्या व्यापाऱ्यांना नवी नाही. पॉवरलूमच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात कामगार एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलतात. त्यामुळे कर्णबधिर कारागिराशी व्यवहार करायला चार हातवारे आले म्हणजे पुरे, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज आहे. या समजामुळे नुकसान होते आणि ते बहुधा त्या कारागिराचेच होते.

शिलाई, काज-बटण, जरीकाम, भरतकाम, सुतारी अशा हातांच्या धंद्यांत कर्णबधिर माणसे चांगली रुळतात. पण मजुरी नगावर की डझनावर, उचल किती, सुट्टीचे पैसे कापणार की नाही, या गोष्टी हातवाऱ्यांनी नक्की कशा करणार? बोटे सात दाखवली. ते सात रुपये की सात नग? महिनाअखेरीस हिशेब चुकला की त्याला तक्रारही मांडता येत नाही. मग मालक म्हणतो, हा रागीट आहे. कारागीर म्हणतो, हा लबाड आहे. खरे म्हणजे दोघांच्या मध्ये भाषाच नसते.

कर्णबधिरांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. तिला भारतीय सांकेतिक भाषा म्हणतात. तिला स्वतःचे व्याकरण आहे. 'कोण', 'कुठे', 'किती' हे प्रश्नाचे शब्द वाक्याच्या शेवटी येतात. नकारही शेवटी येतो. भुवया, मान आणि चेहरा हे त्या व्याकरणाचेच भाग आहेत. ही भाषा म्हणजे हातांनी केलेली मराठी नव्हे आणि उर्दूही नव्हे. म्हणून मराठी घरातला कर्णबधिर मुलगा आणि उर्दू घरातला कर्णबधिर मुलगा एकत्र आले की त्यांचे लगेच जमते. गावोगावी काही खुणा वेगळ्या असतात, पण भाषा एकच.

या भाषेतून बोलीत आणि बोलीतून या भाषेत मजकूर नेणारा तो दुभाषी. आज आपल्याकडे हे काम बहुधा आई, भाऊ किंवा शेजारी करतो. त्यांची नियत चांगली असते, पण अडचण मोठी आहे. दवाखान्यात डॉक्टर पाच मिनिटे बोलतो आणि भाऊ अर्ध्या मिनिटात सांगतो, 'गोळ्या घे.' बाईला आपले दुखणे दिरासमोर सांगावे लागते. वारसाच्या जमिनीचा कागद होताना ज्या भावाचा त्यात हिस्सा आहे, तोच दुभाषी असतो. अशा वेळी कर्णबधिर माणसाने अंगठा कशावर दिला, हे त्याला तरी कळले का, याची खात्री कोण देणार?

भाषेवाचून माणसाचे काय होते, याचे उदाहरण देशाने पाहिले आहे. गीता नावाची कर्णबधिर मुलगी लहानपणी पाकिस्तानात पोहोचली. तिथे ईधी फाउंडेशनने, विशेषतः बिल्कीस ईधी यांनी तिला सांभाळले. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती भारतात परतली आणि इंदूरला राहिली. तिला आपले गाव, नदी, मंदिर, स्टेशन आठवत होते, पण गावाचे नाव सांगता येत नव्हते. अनेक कुटुंबांनी तिच्यावर हक्क सांगितला. सांकेतिक भाषेच्या जाणकारांनी तिच्या खुणांवरून माग काढला. अखेर शोध मराठवाड्याकडे वळला आणि परभणी भागात तिची आई सापडल्याची बातमी २०२१ मध्ये आली. लहानपणीच भाषा आणि ती समजणारा माणूस भेटला असता, तर एवढी वर्षे गेली नसती.

आपल्या फिकहमध्येही हा विषय नवा नाही. उस्मानी सल्तनतीने हनफी फिकहच्या आधारे 'मजल्ला' नावाचा दिवाणी कायदा केला. त्याचे काम १८६९ पासून १८७६ पर्यंत चालले. त्याच्या ७० व्या कलमाप्रमाणे मुक्या माणसाच्या ठरलेल्या खुणांना तोंडी बोलण्याचाच दर्जा आहे. लगेच पुढचे ७१ वे कलम दुभाष्याचे म्हणणे ग्राह्य धरते. दोन्ही कलमे एकामागोमाग आहेत, यातच मतलब आहे. खूण बोलीच्या बरोबरीची मानली, तर ती खूण पोहोचवणारा अमानतदार असलाच पाहिजे.

आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. मुखाने बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची जबानी घेताना न्यायालयाने दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यावी आणि त्याचे चित्रीकरण करावे, अशी तरतूद २०१३ मध्ये पुरावा कायद्यात आली. आता ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या १२५ व्या कलमात आहे. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानेही सांकेतिक भाषेला संवादाचे साधन मानले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या.

२०११ च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व असलेल्यांची संख्या ५० लाखांवर होती. त्या मानाने शिकलेले दुभाषी फारच थोडे आहेत. म्हणजे गरज आहे, कायदा आहे, माणूस नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर मागणी आहे आणि माल नाही.

आता शिक्षणाचे पाहू. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. तिला अली यावर जंग यांचे नाव आहे. ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. या संस्थेत २००१ मध्ये सांकेतिक भाषेचा विभाग सुरू झाला आणि दुभाष्यांचे वर्ग निघाले. दिल्लीत २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. त्याचा शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता. २०२१ मध्ये तो १०,००० शब्दांचा झाला. शब्दांचे व्हिडिओ मोबाईलवर फुकट पाहता येतात.

दुभाष्याचा पदविका अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि बारावी झालेल्यांसाठी आहे. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असते. आधी भाषा शिकवतात, पुष्कळदा कर्णबधिर शिक्षकच शिकवतात. मग बोलणे थांबल्यावर सांगणे, बोलणे चालू असतानाच सांगणे आणि खुणा पाहून आवाजात सांगणे, असा सराव होतो. दवाखाना, शाळा, कचेरी येथले शब्द वेगळे शिकावे लागतात. प्रत्यक्ष कामाचा अनुभवही असतो. त्यानंतर परिषदेत नोंदणी होते. ती ठराविक मुदतीने नवी करावी लागते आणि त्यासाठी मध्यंतरी शिबिरे, कार्यशाळा करत राहावे लागते. हत्याराला धार लावत राहावी, तसेच हे आहे. कर्णबधिर आई-वडिलांची मुले ही भाषा घरातच शिकतात. त्यांचे आधीचे ज्ञान तपासून त्यांना मान्यता देण्याची सोयही परिषदेने केली आहे.

हुनराइतकाच अखलाकही शिकवला जातो. ऐकलेले बाहेर सांगायचे नाही. मजकुरात भर घालायची नाही, काही गाळायचे नाही. स्वतःचा सल्ला द्यायचा नाही. कर्णबधिर माणूस 'मला पैसे मिळाले नाहीत' म्हणाला, तर दुभाषीही 'मला' असेच म्हणतो, 'तो म्हणतो' असे नाही. काम लांबले तर दोन दुभाषी आळीपाळीने बसतात, कारण थकलेला दुभाषी चुका करतो.

जळगाव आणि धुळ्याच्या व्यापाऱ्यांनी काय करावे? पहिले, आपल्या अंजुमन, ट्रस्ट आणि शाळांनी मिळून दरसाल निदान एक मुलगा आणि एक मुलगी या शिक्षणाला पाठवावी. मुलगी अवश्य, कारण दवाखान्यात आणि घरगुती वादात बाईला बाईच दुभाषी हवी. मुंबईतला राहण्याचा खर्च हीच मोठी अडचण असते. तो भार वाटून घेता येतो. फी, जागा आणि प्रवेशाच्या तारखा दरवर्षी संस्थेकडूनच विचारून घ्याव्यात.

दुसरे, दुभाष्याला मेहनताना द्यावा. वकिलाला आणि मुनीमाला देतो, मग याला सवाबाच्या नावाखाली फुकट का राबवावे? पगार नसलेला हुनर टिकत नाही.

तिसरे, दुभाषी जवळ नसेल तर मुंबई-इंदूरचा जाणकार मोबाईलच्या व्हिडिओवरही काम करू शकतो. बोलताना कर्णबधिर माणसाकडे पाहावे, दुभाष्याकडे नाही. उजेड चेहऱ्यावर असावा. मजुरीचा दर नमुन्यासह लिहून त्याची एक प्रत कारागिराला द्यावी.

चौथे, निकाहनामा, वाटणीपत्र, कर्जाचा कागद अशा वेळी ज्याचा त्यात फायदा आहे अशा नातेवाइकाला दुभाषी करू नये. काझी साहेबांनी आणि जमातीच्या पंचांनी हा नियमच करावा.

व्यापारात माप आणि तोल पुरे द्यावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. दुसऱ्याचे बोलणे पुरे पोहोचवणे हाही तोलच आहे. तो राखणारी माणसे खान्देशात तयार करण्याचे काम पुढच्या प्रवेशाच्या हंगामापासून सुरू व्हावे, एवढीच आमची समाजबांधवांना विनंती आहे.