तिकिटाचे पैसे कोणी भरले?

‘टिम पीक हे अंतराळात गेलेले पहिले ब्रिटिश.’ हे वाक्य इतक्या वेळा छापून आलं आहे की ते खोटं असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. पीक १५ डिसेंबर २०१५ रोजी बायकोनूरहून सोयुझ यानाने निघाले, १८६ दिवस अंतराळात राहिले, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या ट्रेडमिलवर लंडन मॅरेथॉनचं अंतर धावले. कर्तृत्व मोठंच आहे. पण त्याच बायकोनूरहून १८ मे १९९१ रोजी, म्हणजे २४ वर्षं आधी, हेलन शर्मन सोव्हिएत मीर स्थानकाकडे निघाल्या होत्या.

शेफील्डच्या शर्मन तेव्हा २७ वर्षांच्या होत्या. त्या चॉकलेट बनवणाऱ्या कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होत्या. कामावरून घरी परतताना गाडीतल्या रेडिओवर त्यांनी जाहिरात ऐकली : अंतराळवीर हवा आहे, अनुभवाची गरज नाही. सुमारे १३ हजार अर्जांतून त्यांची निवड झाली. त्यांची ओळख पुष्कळदा ‘पहिली ब्रिटिश महिला’ अशी करून दिली जाते. तीही अपुरी आहे. त्यांच्याआधी कुणी ब्रिटिश पुरुषही अंतराळात गेला नव्हता. बहुतेक देशांत पहिला मान पुरुषाला मिळाला, ब्रिटनमध्ये तो एका स्त्रीने मिळवला. ही गोष्ट पुसट होत जावी याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ती पुसट का झाली, याचं उत्तर पैशात आहे. शर्मन यांना ब्रिटिश सरकारने पाठवलं, असं समजणारेही बरेच आहेत. आपल्याला तसं वाटणं साहजिक आहे, कारण १९८४ साली राकेश शर्मा गेले ते दोन सरकारांच्या सहकार्यातून. शर्मन यांच्या ‘जुनो’ मोहिमेचा खर्च मात्र खासगी कंपन्यांनी उचलायचा होता. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. प्रायोजकांकडून पुरेशी रक्कम जमलीच नाही. सोव्हिएत बाजूने सांभाळून घेतलं म्हणून उड्डाण झालं, आणि ब्रिटिश प्रयोगांऐवजी शर्मन यांनी तिथे मुख्यतः सोव्हिएत प्रयोग केले. पीक यांच्या वेळी ‘पहिले अधिकृत’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यातला ‘अधिकृत’ गळला, ‘पहिले’ तेवढं उरलं.

मग ब्रिटनकडे पैसा नव्हता की कुवत? दोन्ही होतं. १९७१ साली ब्रिटनने स्वतःच्या ब्लॅक ॲरो रॉकेटने प्रॉस्पेरो हा उपग्रह कक्षेत सोडला. रॉकेटचा कार्यक्रम बंद करण्याचा निर्णय मात्र त्या उड्डाणाआधीच झाला होता. १९८४ मध्ये अमेरिकी शटलमधून स्कायनेट या लष्करी उपग्रहांसोबत जाण्यासाठी चौघांची निवडही झाली. त्यांतले नायजेल वुड १९८६ च्या जूनमध्ये जाणार होते. त्याच वर्षी २८ जानेवारीला चॅलेंजरचा स्फोट झाला आणि त्यांचं उड्डाण रद्द झालं. पुढच्याच वर्षी युरोपीय अंतराळ संस्थेच्या हेगमधल्या बैठकीत थॅचर सरकारने हर्मीस या युरोपीय मानवी यानासाठी पैसे द्यायला नकार दिला.

या संस्थेत विज्ञान कार्यक्रमाची वर्गणी प्रत्येक सदस्याला द्यावीच लागते. मानवी उड्डाणांची मात्र ऐच्छिक असते. ब्रिटनने पहिली दिली, दुसऱ्या वेळी हात आखडता घेतला. तेवढ्याच पैशात यंत्रांकडून जास्त विज्ञान साधतं, हा युक्तिवाद पोकळ नव्हता. हॅलेच्या धूमकेतूजवळून गेलेलं ज्योत्तो यान ब्रिस्टलमध्येच बांधलं गेलं. पण या धोरणाची किंमत माणसांनी मोजली. ससेक्समध्ये जन्मलेले पिअर्स सेलर्स आणि यॉर्कशरचे निकोलस पॅट्रिक अमेरिकी नागरिक झाले, तेव्हा कुठे नासात अंतराळवीर होऊ शकले. मायकेल फोल यांची आई अमेरिकी, म्हणून त्यांना दोन्ही नागरिकत्वं होती. १९९७ मध्ये मीरवर मालवाहू यान आदळलं तेव्हा ते आत होते. पुढे आंतरराष्ट्रीय स्थानकाचे प्रमुखही झाले. या तिघांना ‘ब्रिटनने पाठवलेले’ म्हणणं चूक आहे. त्यांना नासाने पाठवलं, अमेरिकेच्या खर्चाने.

पीक यांच्याबाबतही ‘सरकारने जागा विकत घेतली’ हे खरं नाही. २००९ मध्ये युरोपीय संस्थेने त्यांना निवडलं तेव्हा ब्रिटन मानवी उड्डाणांसाठी काहीच देत नव्हता. संस्थेच्या नेपल्समधल्या बैठकीत १ कोटी ६० लाख पौंड कबूल झाले ते २०१२ मध्ये. आधी माणूस निवडला गेला, सरकारी पैसा मागून आला.

ब्रेक्झिटमुळे हे दार बंद झालं, हाही गैरसमज. ही संस्था युरोपीय संघाचा भाग नाही. स्वित्झर्लंड आणि नॉर्वेही तिचे सदस्य आहेत. ब्रेक्झिटनंतर, २०२२ मध्ये, तिने रोझमेरी कूगन यांना निवडलं, मेगन ख्रिश्चन यांना राखीव यादीत घेतलं आणि एक पाय गमावलेले शल्यचिकित्सक व पॅरालिम्पिक पदकविजेते जॉन मॅकफॉल यांनाही घेतलं. २०२५ मध्ये मॅकफॉल दीर्घ मोहिमेसाठी वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरले.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या अंतराळ संस्थेने ॲक्सिअम या अमेरिकी कंपनीशी संपूर्ण ब्रिटिश चमूच्या मोहिमेसाठी करार केला. पैसे खासगी प्रायोजकांनी द्यायचे, असं त्यात ठरलं. शर्मन यांच्या वेळीही हेच ठरलं होतं.