रेडकू की म्हशीचं पिल्लू? मुलांसाठी लिहिताना आणि संपादन करताना

आज सातारा आणि सांगली, दोन्हीकडची मंडळी आलेली दिसतात. कुणाच्या पिशवीत हस्तलिखित आहे, कुणाच्या अजून डोक्यातच आहे. मुलांसाठी लिहायचं म्हटलं की 'विषय कोणता घेऊ' हे पहिल्यांदा विचारलं जातं. आमच्या मते विषय मिळतात. माणूस अडतो तो भाषेपाशी. त्या बाबतीत आमच्याच हातून झालेली एक चूक आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी खेड्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी आमच्याकडे गोष्ट पाठवली. लहानशी गोष्ट. पावसात दावं तोडून गेलेलं रेडकू आणि त्याला शोधायला निघालेली मुलगी. आम्ही संपादक म्हणून बसलो आणि गोष्ट 'स्वच्छ' केली. रेडकूचं म्हशीचं पिल्लू केलं, दाव्याची दोरी केली, 'कुठं गेलं आसंल गं' याचं 'कुठे गेले असेल' केलं. मग ती चौथीच्या वर्गात वाचून दाखवली. एक मुलगा मध्येच म्हणाला, "म्हशीचं पिल्लू म्हंजे रेडकूच की. मग रेडकू का म्हनत न्हाई?" वर्ग हसला. आमच्याकडे उत्तर नव्हतं. बाईंना सुधारलेली प्रत पाठवली, तर त्यांनी कळवलं, "गोष्ट शुद्ध झाली, पण आता ती माझी राहिली नाही." त्यांनी गोष्ट परत घेतली आणि पुन्हा आमच्याकडे काही पाठवलं नाही.

एक लेखिका गेली, हे नुकसान तर झालंच. पण त्या मुलाचा प्रश्न जास्त टोचतो. घरात रोज बोलला जाणारा शब्द पुस्तकात कधीच भेटला नाही, तर मुलाला काय वाटेल? आपल्या घरातलं बोलणं पुस्तकात यायच्या लायकीचं नाही, असंच ना?

मग सगळं बोलीतच लिहायचं का? तसंही नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पाहा. १९५५ सालची कादंबरी, मोठ्यांसाठी लिहिलेली. पण आपल्याला शिकवण्यासारखं तिच्यात पुष्कळ आहे. माडगूळकरांचं माडगुळे आज सांगली जिल्ह्यात आहे, पूर्वी ते औंध संस्थानात होतं, आणि औंध सातारा जिल्ह्यात. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांनी हक्क सांगावा असं हे पुस्तक. त्यात निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि माणसं माणदेशी बोलतात. वाचणारा कुठे अडखळत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक आहे. तेव्हा 'नियमात बसत नाही' ही सबब संपादकाने सांगू नये.

निवेदनातही थोडं सैल व्हायला हरकत नसते. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकाचं नाव 'राधाचं घर' आहे, 'राधाचे घर' नव्हे. एका अनुस्वाराने ते घर बोलतं होतं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, बोली फक्त गमतीच्या किंवा अडाणी पात्राच्या तोंडी घालू नका. हुशार मुलगा प्रमाण बोलतो आणि गडी तेवढा गावाकडचं बोलतो, असं झालं की मूल त्यातून नको तो धडा घेतं. दुसरी, 'आपली बोली' म्हणजे एकच बोली नव्हे. जतकडच्या कितीतरी घरांत कन्नड बोलतात. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडची कुटुंबं कारखान्यांच्या परिसरात येऊन राहतात, त्यांची मुलं आणखी वेगळं बोलतात. ज्या घराची गोष्ट लिहाल, त्या घरात आधी जाऊन बसा, ऐका.

आता हस्तलिखितावर काम कसं करायचं ते सांगतो.

आधी ठरवा, पुस्तक वाचणार कोण? तीन-चार वर्षांच्या मुलाला मोठं माणूस वाचून दाखवणार असेल, तर अवघड शब्द चालतात. मूल ते कानाने उचलतं. सहा-सात वर्षांचं मूल स्वतः वाचणार असेल, तर वाक्यं आखूड हवीत, जोडाक्षरं कमी हवीत, आणि नवा शब्द एकदा आला की पुढच्या पानांवर पुन्हा दोन-तीनदा यायला हवा. 'रेडकू' या कसोटीला सहज उतरतो: एक शब्द, जोडाक्षर नाही. 'म्हशीचं पिल्लू' म्हणजे दोन शब्द, आणि 'म्ह' नि 'ल्लू' दोन्ही वाचायला जड. आम्ही सोपं करायला गेलो आणि अवघड करून बसलो!

मग डमी करा. चार कोरे कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडले की १६ पानांची वही होते. पहिलं पान नावाचं, दुसरं छपाईच्या माहितीचं. गोष्टीला उरली १४. मजकूर कापून त्यावर चिकटवा. विषम पान नेहमी उजवीकडे येतं आणि तिथेच पान उलटायचं असतं. म्हणून उत्सुकता उजव्या पानाच्या शेवटी ठेवा: मुलीला ओढ्यापलीकडे काहीतरी हललेलं दिसलं. काय हललं ते पुढच्या पानावर. चित्रात जे दिसणार आहे ते मजकुरातून काढा. रेडकू काळं आहे हे चित्रकार सांगेल, त्याच्या ओल्या कातडीचा वास मात्र तुम्हीच सांगायचा.

त्यानंतर कात्री. नव्या लेखकाचा पहिला परिच्छेद बहुधा सूर्योदय आणि पक्ष्यांच्या किलबिलाटात जातो. तो काढा, 'गव्हाण रिकामी होती' इथून सुरू करा. शेवटचा परिच्छेद 'म्हणून मुलांनो' ने सुरू होत असेल तर तोही काढा. आणि ऐन वेळी बाबा किंवा गुरुजी येऊन रेडकू शोधून देत असतील, तर त्यांना घरी पाठवा. मुलीला शोधू द्या.

शेवटी वर्गात वाचा. 'गोष्ट आवडली का' असं विचारू नका. बाई समोर उभ्या असताना सगळे 'हो' च म्हणतात. वाचताना मुलं चुळबूळ कुठे करतात, तिथे पेन्सिलीने खूण करा. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनाच गोष्ट सांगायला लावा. ती जे गाळतील त्याकडे संशयाने पाहा. ती ज्या शब्दात सांगतील, तो तुमच्या शब्दापेक्षा बरा असेल तर निमूट घ्या.

मघाशी कुणीतरी विचारलं, आधी वाचायचं काय? बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं; त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. आणि पाचगणी-महाबळेश्वर वाटेवरचं भिलार, ४ मे २०१७ ला सुरू झालेलं पुस्तकांचं गाव, तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, बालसाहित्यही आहे. एक दिवस जा, आणि तिथे आलेली मुलं कोणतं पुस्तक उचलून लगेच खाली ठेवतात तेही पाहा.

त्या बाईंची गोष्ट आमच्याकडे आता नाही. त्या आज इथे असतील तर त्यांना एवढंच सांगायचं आहे: गोष्ट परत पाठवा, रेडकूला हात लावणार नाही.