जीर्णतेचा रंग

नवें करकरीत कपाट विकत आणावयाचें आणि तें शंभर वर्षांचें दिसावें म्हणून रंगाऱ्यास वेगळे पैसे मोजावयाचे, हें ऐकून आमच्या वडील पिढीस हंसूं आलें असतें. तथापि ही हौस आज पुष्कळ सुशिक्षित घरांत शिरली आहे. तिचें मूळ पाश्चात्त्य देशांत आहे. स्वीडनमध्यें तिसऱ्या गुस्ताव्ह राजाच्या अमदानींत (१७७१–१७९२) फिक्या करड्या रंगाचें लांकडी सामान प्रचारांत आलें. कालांतरानें तो रंग विरून त्यास जी शोभा चढली, तिचें अनुकरण पुढें होऊं लागलें. १९८९ सालीं कॅलिफोर्नियांतील सांता मोनिका येथें रेचेल ॲशवेल या बाईंनीं ‘शॅबी चिक’ नांवाचें दुकान काढलें व तें नांव सर्वतोमुखीं झालें.

आमच्या धाकट्या सूनबाईंनीं असेंच एक कपाट करविलें. रंगाऱ्यानें तें सर्व बाजूंनीं सारखें घासलें. त्यामुळें तें जुनें न दिसतां केवळ रोगट दिसूं लागलें. तेव्हां मीं त्या दोघांस माजघरांतील जुन्या फडताळापुढें उभें केलें. त्याचा रंग कोठें गेला आहे? कडीभोंवतीं, जेथें रोज हात पडतो तेथें, दाराच्या कडांवर, आणि तळाशीं, जेथें केरसुणी लागते तेथें. वरची बाजू जशीच्या तशी आहे. झीज ही वापराची लिपि आहे. ती वाचतां येत नाहीं, त्यानें ती लिहूं नये.

मग काम नव्यानें झालें. प्रथम तांबूस तपकिरी रंगाचा हात दिला. तो पूर्ण वाळल्यावर, जेथें झीज दाखवावयाची तेवढ्याच जागीं मेणबत्ती घांसली आणि वरून फिका रंग दिला. मेणावर रंग धरत नाहीं. म्हणून वाळल्यानंतर काचकागद लांकडाच्या रेषेनें हलकेंच फिरवितांच तेथील रंग सुटला व खालचा तांबूसपणा डोकावूं लागला. भेगा हव्या असल्यास दोन रंगांच्यामध्यें सरसाचा हात देतात. त्यावर पाण्यांत कालविलेला रंग एकाच फटकाऱ्यांत द्यावा. पुनः कुंचला फिरवूं नये. वाळतांना सरस आकसतो आणि वरचा रंग तडकतो. सरस दाट, तर भेगा रुंद.

भिंतींचें काम याहून सोपें. भिजवून मुरलेला चुना गाळून, त्यांत काव किंवा पिवडी मिसळून, ओल्या केलेल्या भिंतीस पातळ असे तीनचार हात द्यावे. चुना हवेंतील कर्बवायु शोषून पुनः दगडासारखा होतो, व त्यांत जी फिकी-गडद छटा आपोआप उमटते, ती कोणत्याहि तैलरंगास साधत नाहीं. मात्र तैलरंग दिलेल्या भिंतीवर तो टिकत नाहीं. चुना डोळ्यांत जाऊं देऊं नये, हें सांगणें नलगे.

कपाट साधल्यावर रंगाऱ्यास हुरूप आला आणि तो आमच्या घरच्या जुन्या पाळण्याकडे वळला. चार पिढ्या ज्यांत निजल्या त्या पाळण्यावर रंगाचे कित्येक थर आहेत. त्यानें काचकागद हातांत घेतला तोंच मीं त्यास थांबविलें. पूर्वींच्या रंगांत सफेता आणि शेंदूर सर्रास असत. दोन्हींत शिसें असतें. त्याची धूळ पोटांत गेली असतां लहान मुलांच्या मेंदूस इजा होते, आणि अमुक इतकें शिसें निर्धोक, अशी मर्यादा शास्त्रज्ञांस आढळलेली नाहीं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसें दहा लक्ष भागांत नव्वद भागांपेक्षां अधिक नसावें, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. तेव्हां त्यापूर्वींचा रंग कोरडा घांसूं नये, जाळूंहि नये. तो धड असेल तर ओल्या फडक्यानें पुसून तसाच राहूं द्यावा.

नव्यावर जुनेपणाचा आरोप करणें ही करमणूक आहे. खऱ्या जुन्याची साल काढणें हा मात्र अपराध होय. तो पाळणा आतां मुलांचे हात पोंचणार नाहींत इतक्या उंचीवर टांगला आहे. पणतीसाठीं सागवानी नवा करविला. त्यास सूनबाईंनीं कसलाच रंग देऊं दिला नाहीं. त्याची झीज तो स्वतःच्या वेळीं मिळवील.