विमान घेतलं, पण ठेवायचं कुठे?

फोर-व्हीलर बुक करण्याआधी आपल्या घरात पहिला प्रश्न कोणता येतो? मायलेज? ईएमआय? छे! ‘पार्किंग आहे का?’ आता गाडीच्या जागी विमान ठेवून बघा. हसू नका. ज्यांनी ही हौस खरंच केली, त्यांची झोप उडण्यापेक्षा ठेवण्याच्या प्रश्नानेच जास्त उडवली आहे.

मुंबई-गोवा हायवेने वीकेंडला निघालात की पेण सुटल्यावर वडखळजवळ डोलवी येतं. स्टील प्लांट आणि शेजारी धरमतरची खाडी. उचल-ठेव हाच इथला रोजचा धंदा. स्टीलची एकेक कॉइल पंधरा-वीस टनांची सहज भरते. त्यापुढे चार सीटचं सेसना १७२ म्हणजे रिकामं असताना जेमतेम पाऊण टन. मग विमान उचलणं किस झाड की पत्ती? पण गंमत तिथेच आहे. कॉइल सगळीकडून सारखीच दणकट. विमानाचा पत्रा मात्र जागोजागी मिलिमीटरहूनही पातळ. प्रश्न किती वजनाचा नाही, पकडायचं कुठे याचा आहे.

चारकोपची गच्ची

आपल्या मराठी माणसाने हा प्रश्न थेट गच्चीवर नेऊन ठेवला. पायलट अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमधल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. इमारतीला लिफ्ट नाही. लेथ मशीन, वेल्डिंग मशीन, कॉम्प्रेसर, एवढंच काय, इंजिनसुद्धा जिन्यावरून वर गेलं! वर जाताना सगळं सुटं होतं म्हणून निभावलं. पण अख्खं विमान खाली आणायचं कसं? पुन्हा सुटं करूनच. पंख वेगळे, सांगाडा वेगळा, आणि मग क्रेन. फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीत भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं.

गोष्ट तिथे संपली असती तर सिनेमा झाला असता. पण पुढे कागदांची रांग होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये डीजीसीएचं रजिस्ट्रेशन मिळालं, व्हीटी-एनएमडी. चाचणीचं उड्डाण झालं ते ऑगस्ट २०२० मध्ये, धुळ्याच्या धावपट्टीवर. म्हणजे प्रदर्शन ते उड्डाण, साडेचार वर्षं. एवढा काळ विमान जपायचं म्हणजे काय, हे कोकणात एक पावसाळा काढलेली बाइक ज्याच्याकडे आहे त्याला विचारा!

जेआरडींचं फोल्डिंग विमान

हे दुखणं नवं नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमान होतं पुस मॉथ. त्याचे पंख चक्क मागे घडी व्हायचे! पंख पसरले की अकरा मीटर, मिटले की साध्या शेडमध्ये आत. आणि जुहूला ऑफिस होतं ते झावळ्यांनी शाकारलेल्या शेडमध्ये. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, तेव्हा सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलायचा. भारतातल्या एअरलाइनची सुरुवातच मुळी ‘पावसात गाडी कुठे लावू?’ या प्रश्नाने झाली म्हणा ना!

पंख मिटत नसतील तर?

मग उरते वरची जागा. परदेशात हौशी लोक छोटं विमान हँगरच्या छताकडे खेचून टांगून ठेवतात आणि खाली दुसरं विमान किंवा गाडी लावतात. आपल्याकडच्या स्टॅक पार्किंगचाच थोरला भाऊ. त्यासाठी लागतं ते डोलवीच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये सापडेल, चेन पुली किंवा इलेक्ट्रिक होइस्ट आणि मजबूत पट्टे. पण तीन गोष्टी चुकल्या की खेळ खलास.

पहिली, तोल. उचलण्याचा बिंदू विमानाच्या गुरुत्वमध्याच्या बरोबर वर हवा. इंजिन पुढे असतं, त्यामुळे अंदाजाने पट्टा बांधलात की नाक खाली आणि शेपूट पत्र्याला! टाकीतलं इंधन कमी-जास्त झालं तरी हिशोब बदलतो. म्हणून मेन्टेनन्स मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच पकडायचं.

दुसरी, छत. आपल्या शेडच्या लोखंडी कैच्या पत्रा आणि वारा झेलण्यापुरत्या असतात. त्यांना पाऊण टन लटकवणं म्हणजे पंख्याच्या हुकाला झोपाळा बांधणं. त्यापेक्षा जमिनीवर उभी राहणारी स्वतंत्र फ्रेम बरी.

तिसरी, भरवसा. विमान वर पोचलं की भार पुलीवर ठेवायचा नाही. वेगळ्या सेफ्टी चेन अडकवायच्या. आणि उचलताना खाली कुणीही उभं राहायचं नाही, फोटो काढायलासुद्धा नाही.

फोटोवरून आठवलं

शूटिंग हा या छंदाचा अर्धा जीव. पण ते नुसतं मिरवण्यासाठी नसतं. चाचणीच्या वेळी पंखावर लोकरीचे छोटे धागे चिकटवतात आणि कॅमेरा लावतात. हवा नीट वाहत असेल तर धागे मागे सरळ पडतात, बिघडली की वळवळतात. कॉकपिटमधला कॅमेरा काटे टिपत राहतो. पायलट घाईत जे पाहू शकत नाही, ते खाली आल्यावर निवांत बघता येतं.

तुम्हाला विमान परवडत नसेल (आम्हालाही नाही!) तर ड्रोन आहेच. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट. उडवण्याआधी डिजिटल स्काय पोर्टलवर आपली जागा कुठल्या झोनमध्ये येते ते बघा. कारखाना, जेटी दिसली की मोह होतो, पण आधी नकाशा, मग रिमोट.

आणि हो, ड्रोनचा सगळ्यात मोठा फायदा सांगायचा राहिलाच. तो रात्री कपाटात मावतो. चारकोपच्या गच्चीपासून धुळ्याच्या धावपट्टीपर्यंतचा तो सगळा खटाटोप आठवला, की कपाटाचं हे सुख काय असतं ते कळतं. तरीही गच्चीवर गेलात की एकदा टेप लावून बघाच. अकरा मीटर भरतात का?