यात्रांचे दिवस आणि आपलें कर्तव्य

चैत्र लागला कीं पुणें जिल्ह्यांतील खेड, मावळ, हवेली या भागांत ग्रामदैवतांच्या यात्रा सुरू होतात. पालखी, छबिना, तमाशा, कुस्त्यांचा फड आणि घाटांत घोडीमागें धांवणारे बैलगाडे, हा त्यांचा थाट. कासारवाडीच्या आसपास शेतांच्या जागीं कारखाने उभे राहिले, तरी यात्रेची ओढ ओसरली नाहीं. हें इष्टच आहे. ज्या समाजास वर्षांतून एकदां एकत्र हंसतां येत नाहीं, त्यास संकटांत एकत्र उभें राहणेंही कठीण जातें.

परंतु आनंदासही मर्यादा आहे. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या शर्यती बंद केल्या, त्या परंपरेच्या द्वेषानें नव्हे; मुक्या जनावरांचे हाल थांबावे म्हणून. २०१७ सालीं महाराष्ट्रानें कायद्यांत दुरुस्ती केली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें ती वैध ठरविली. मात्र नियमांचा अंमल कडक व्हावा व त्याची जबाबदारी जिल्हादंडाधिकाऱ्यांवर राहावी, असेंही त्याच निकालांत बजाविलें आहे.

आतां एक अधिकारी किती घाटांवर उभा राहणार? म्हणून व्यापारी बंधूंस आमचें सांगणें एवढेंच, कीं बक्षिसें तुम्ही देतां. जेथें बैलास पराणी टोंचली जाते, शेपटी पिरगाळली जाते, तेथें थैलीचें तोंड बांधून ठेवा. परवानगी न्यायालयानें दिली. ती टिकविणें गांवाच्या हातीं आहे.