नाटक संपल्यावर उरलेली वही

नाटकासारखी क्षणभंगुर कला दुसरी नाही. शिल्पकाराची मूर्ती त्याच्या पश्चात शतकानुशतके उभी राहते; कवीचे काव्य पोथीत टिकते. परंतु नटाचा आवाज, त्याची चाल, त्याने प्रेक्षकांच्या डोळ्यांत आणलेले पाणी हे सारे त्याच रात्री विरून जाते. दुसऱ्या दिवशी मांडव सोडला, बाकड्यांचे भाडे चुकते केले, की उरते ती केवळ आठवण. आणि आठवण बाळगणारी माणसे गेली की तीही नाही. असे असता पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीच्या नाटकांचा इतिहास लिहिणारे विद्वान तो लिहितात तरी कशाच्या आधारे?

या प्रश्नाचे उत्तर मोठे बोधप्रद आहे. पुष्कळदा ते लिहितात जमाखर्चाच्या वहीच्या आधारे. मांडव जातो, नट जातात, परंतु त्या बाकड्यांचे भाडे ज्याने टिपून ठेवले त्याची ओळ राहते. इंग्लंडातील यॉर्क नगराची कथा या दृष्टीने आपण पाहू.

ख्रिस्तशरीराचा सण सार्वत्रिक ख्रिस्तसभेत साजरा करावा अशी आज्ञा परमगुरू चौथे अर्बन यांनी १२६४ साली दिली. पुढे इंग्लंडातील काही नगरांत या सणाला जोडून नाटके होऊ लागली. यॉर्कमध्ये सृष्टीच्या उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतचा तारणाचा सारा इतिहास चाके लावलेल्या रथांवर रस्त्यारस्त्यांतून दाखवीत. एकेक प्रसंग एकेका व्यवसायाच्या संघाकडे असे. नोहाचे तारू जहाज बांधणारे सुतार उभारीत; शेवटचे भोजन पाव भाजणाऱ्यांकडे होते; तीन ज्ञानी पुरुषांची सोन्याची भेट सोनारांकडे; आणि आपल्या प्रभूला क्रूसावर खिळण्याचा प्रसंग खिळे व टाचण्या बनविणाऱ्यांच्या वाट्याला आला होता. १४१५ च्या नगराच्या आज्ञेप्रमाणे नटांनी पहाटे साडेचारला सज्ज राहावयाचे असे. नगरात नाटकासाठी ठरलेली ठिकाणे सर्वसाधारणपणे बारा होती.

या थोर उपक्रमाचा सर्वांत जुना पुरावा कोणता? तो आहे १३७६ सालची भाड्याची एक नोंद. ज्या इमारतीत ख्रिस्तशरीराच्या सणाचे तीन रथ ठेवलेले होते, त्या इमारतीचे भाडे कोणा कारकुनाने नगराच्या दप्तरात लिहून ठेवले. त्याला नाटकाचा इतिहास लिहावयाचा नव्हता. हिशेब चुकू नये एवढीच त्याची चिंता. परंतु त्याच्या त्या एका ओळीवर आज विद्वानांच्या इमारती उभ्या आहेत.

यॉर्कच्या सत्तेचाळीस नाटकांची संहिता एका हस्तलिखितात टिकून राहिली. ती प्रथम छापून जगापुढे आणली १८८५ साली ल्यूसी टूल्मिन स्मिथ या विदुषीने. नंतर १९०३ साली ई. के. चेंबर्स यांचा मध्ययुगीन रंगभूमीवरील दोन खंडांचा ग्रंथ आला. हे गृहस्थ प्राध्यापक नव्हते. सरकारच्या शिक्षण खात्यात अधिकारी होते आणि कचेरीचे काम सांभाळून त्यांनी हे प्रचंड काम केले. १९३३ साली येल विद्यापीठाचे कार्ल यंग यांनी मंदिरातील नाट्यविधींच्या लॅटिन संहिता दोन जाड खंडांत छापल्या.

या दोघांच्या लेखनातून एक सुटसुटीत सिद्धान्त रूढ झाला. तो असा : इ. स. ९७० च्या सुमारास विंचेस्टरचे बिशप एथेलवोल्ड यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली केली, तीत पुनरुत्थानाच्या पहाटेचा एक विधी सांगितला आहे. एक मठवासी हातात झावळी घेऊन कबरेपाशी शांत बसतो. तिघेजण धूपपात्रे घेऊन, काही शोधीत असल्याप्रमाणे अडखळत येतात. प्रश्नोत्तर होते आणि ‘तो येथे नाही’ ही वार्ता घुमते. हे बीज. मग त्याचे रोप वाढले : वेदीपासून मंदिराच्या मध्यभागी, तेथून अंगणात, अंगणातून बाजारात, लॅटिनमधून लोकभाषेत, धर्मगुरूंच्या हातून सामान्य जनांच्या हातात. मंदिरापासून जितके दूर, तितके नाटक प्रौढ. आणि शेवटी शेक्सपिअरची रंगभूमी उगवली तेव्हा हे जुने धार्मिक झाड आपोआप वाळून गेले.

वाचकहो, सिद्धान्त किती आटोपशीर आहे पाहा! पिढ्यान्‌पिढ्या तो विद्यार्थ्यांना शिकविला गेला. त्यात उणीव एवढीच की पुरावे त्याला पुरतेपणी साथ देत नव्हते.

पहिला धक्का दिला येशूसंघीय फादर हॅरल्ड गार्डिनर यांनी. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी दाखविले की ही नाटके वाळली नाहीत. ती तोडण्यात आली. यॉर्कचे नाटक शेवटचे झाले १५६९ साली. पुढच्याच वर्षी एडमंड ग्रिंडल हे तेथील नव्या पंथाचे आर्चबिशप झाले. नाटकांच्या पोथ्या त्यांच्याकडे गेल्या आणि १५७५ साली त्या परत मागण्याचे नगरसभेला ठरवावे लागले. वेकफील्डला १५७६ साली धर्मविषयक आयोगाने हुकूम पाठविला, की पिता, पुत्र वा पवित्र आत्मा यांचे सोंग कोणीही आणू नये. चेस्टरला १५७५ साली नाटक होऊ दिले म्हणून नगराध्यक्षाला राणीच्या मंत्रिमंडळापुढे जाब द्यावा लागला. आणि १५८० साली, अकरा वर्षे नाटकाविना गेल्यावर, यॉर्कच्या सामान्य नागरिकांनी नगराध्यक्षांना कळकळीची विनंती केली की आमचे नाटक पुन्हा होऊ द्या. वाळलेल्या झाडासाठी कोणी अशी विनंती करतो काय?

दुसरा धक्का १९६५ साली ओ. बी. हार्डिसन यांनी दिला. साध्या संहिता आधीच्या आणि विस्तृत संहिता नंतरच्या असे गृहीत धरून जुन्या विद्वानांनी त्यांची रांग लावली होती. हस्तलिखितांची खरी साले पाहिली तर ती रांग मोडते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या मते मिस्साविधीतच नाट्य आहे. त्यातून ‘सुटून’ नाटक मोठे झाले असे म्हणणे म्हणजे निष्कर्ष आधी काढून पुरावा नंतर शोधणे होय.

तिसरा शोध मला सर्वांत प्रिय आहे. १९७१ साली अलेक्झांड्रा जॉन्स्टन आणि मार्गारेट डोरेल या दोन विदुषींनी यॉर्कच्या व्यापारी संघाच्या कागदांतील १४३३ सालचा एक करारनामा प्रसिद्ध केला. अंतिम न्यायाचा प्रसंग या संघाकडे होता. वर्षाच्या कारभाऱ्यांच्या स्वाधीन केलेल्या वस्तूंची ही यादी. चार चाकांचा रथ, नरकाचे मुख, सैतानांचे पोशाख व मुखवटे, देवाची भूमिका करणाऱ्यासाठी सोन्याचा मुलामा दिलेला मुखवटा, तो स्वर्गात चढताना ज्यावर बसावयाचा ती लोखंडी चौकट आणि तिच्या चार कोपऱ्यांना चार दोर, नऊ लहान लाल रंगविलेले देवदूत आणि त्यांना स्वर्गात धावते ठेवण्यासाठी एक लांब बारीक दोरी.

ती दोरी पाहा! मध्ययुगीन नाटक म्हणजे भोळ्याभाबड्या अडाण्यांचा ओबडधोबड खेळ, अशी अनेकांची समजूत होती. तिला या एका यादीने उत्तर दिले. देवदूत धावले पाहिजेत, स्वर्ग जिवंत दिसला पाहिजे, म्हणून त्या व्यापाऱ्यांनी डोके चालविले होते, पैसा ओतला होता. आणि वस्तू हरवू नयेत म्हणून कारकुनाने दोरीसुद्धा लिहून ठेवली होती.

विद्वानांचे वाद मात्र संपले नाहीत. ते संपूही नयेत. १९७० साली ॲलन नेल्सन यांनी गणित मांडले की इतकी नाटके इतक्या ठिकाणी एका दिवसात होणे शक्यच नाही. मार्गारेट डोरेल यांनी कागदपत्रांच्या आधारे प्रतिगणित केले : पहाटे आरंभ केला तर मध्यरात्र उलटेल, परंतु होईल. अखेर १९९८ साली कॅनडातील टोरांटो येथे अभ्यासकांनी व हौशी नटांनी सारी सत्तेचाळीस नाटके रथांवर, चार ठिकाणी, एका दिवसात करून दाखविली. चार ठिकाणे म्हणजे बारा नव्हेत हे खरे. परंतु ग्रंथालयातील वाद रस्त्यावर येऊन घाम गाळून तपासण्याची ही वृत्ती स्तुत्य नव्हे काय?

त्याच टोरांटोत १९७६ साली जॉन्स्टन यांच्या पुढाकाराने एक मोठे काम सुरू झाले. संसदेने नाटकगृहे बंद केली त्या १६४२ सालापर्यंतच्या इंग्लंडातील नाट्यविषयक सर्व नोंदी गावोगावच्या दप्तरांतून शोधून जशाच्या तशा छापावयाच्या, सिद्धान्त नंतर. यॉर्कचे खंड १९७९ साली निघाले आणि ते काम अद्याप चालू आहे. या नोंदींचा फार मोठा भाग धर्मग्रामांच्या विश्वस्तांच्या जमाखर्चातून मिळाला. त्यावरून कळले की यॉर्कसारखी महानाटके थोड्याच नगरांत होती. परंतु मंदिराच्या दुरुस्तीसाठी पैसे जमविण्याकरिता लहान लहान गावांनी केलेले खेळ मात्र पुष्कळ होते.

येथे आपणा कॅथलिकांना एक कडू घोट घ्यावा लागतो. फादर गार्डिनर यांचा निष्कर्ष आपल्याला सुखावतो : आमचे नाटक मेले नाही, मारले गेले. त्यात सत्य पुष्कळ आहे. परंतु सारे सत्य तेवढेच नाही, हे पुढील संशोधकांनी दाखविले. काही नगरांना खर्च झेपेनासा झाला होता. शिवाय सुधारणावादी सारेच नाटकाचे वैरी नव्हते. पूर्वी कार्मेल संघाचा मठवासी असलेल्या जॉन बेल याने त्या पक्षाच्या बाजूने बायबलवर नाटके रचली, आणि १९९३ साली पॉल व्हिटफील्ड व्हाइट यांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा मेलेल्या शत्रूंविषयीही लागू आहे. आपल्या बाजूचा निष्कर्षही त्याच वहीवर घासून पाहावा लागतो.

या इतिहासाचा एक धागा आपल्या भाषेशीही जुळतो. यॉर्कप्रमाणेच रथांवर होणारे कॉव्हेंट्रीचे नाटक १५७९ साली शेवटचे झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज येशूसंघीय तरुण गोव्याच्या किनाऱ्यास लागला. उत्पत्तीपासून तारणापर्यंतची जी कथा त्याच्या मायदेशी रथांवरून उतरत होती, ती त्याने मराठी ओव्यांत गायिली. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. सतराव्या शतकातील त्याच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो कुटुंबांनी आणि मंदिरांनी जपलेल्या हस्तलिखित प्रतींमुळे. त्यांवरूनच १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापता आला.

म्हणून शेवटी एक विनंती. तुमच्या गावात दुःखसहनाचे नाटक होत असेल, सणाला मुले नाताळचा प्रवेश करीत असतील. कोणा आजोबांच्या ट्रंकेत भूमिका उतरवून घेतलेली वही असेल. मंदिराच्या कपाटात वर्गणीची यादी, पडद्याच्या कापडाची पावती, रंगभूषेच्या सामानाचे बिल असेल. घर रंगविताना अथवा कार्यालय झाडताना असे कागद रद्दीत जातात. माझ्याही हातून, नवा धर्मगुरू म्हणून उत्साहाने साफसफाई करताना, वाळवी लागलेल्या वह्यांचा एक गठ्ठा अग्नीत गेला; त्यांत काय होते ते मी उघडूनही पाहिले नाही. आज त्याची आठवण मला बोचते.

तुम्ही तसे करू नका. उघडून पाहा, वर साल लिहा, कोरड्या जागी ठेवा. यॉर्कच्या त्या कारकुनाने दोरी लिहून ठेवली, आणि पाचशे अडतीस वर्षांनंतर त्याचे लाल देवदूत पुन्हा धावू लागले.