अमेरिकन विद्यापीठांची ध्येयनिवेदने : अर्थ आणि कसोटी

अमेरिकेतील जवळजवळ प्रत्येक महाविद्यालय व विद्यापीठ आपण कशासाठी अस्तित्वात आहोत हे सांगणारे एक छोटे निवेदन प्रसिद्ध करीत असते. त्यात संस्थेचे ध्येय सांगितलेले असते आणि बहुधा त्याखाली संस्थेला मान्य असलेल्या मूल्यांची यादी जोडलेली असते. ही निवेदने शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर संस्थांची नावे अदलाबदल केली तरी वाचकाच्या ध्यानात येऊ नये इतकी ती सारखी वाटतात. ज्ञाननिर्मिती, ज्ञानप्रसार, समाजसेवा, उत्कृष्टता, सचोटी, वैविध्य हे शब्द त्यांत पुनःपुन्हा भेटतात. साहजिकच ही सारी शोभेची शब्दयोजना आहे असे म्हणून ती बाजूला सारण्याचा मोह होतो. हा मोह कितपत रास्त आहे हे भाषाविज्ञानातील एका परिचित तत्त्वाच्या आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कोणत्याही भाषिक चिन्हाचे मूल्य त्याच्या इतर चिन्हांशी असलेल्या भेदातून सिद्ध होते, हे सोस्यूरचे प्रतिपादन आपल्या परिचयाचे आहे. हेच तत्त्व वाक्याला लावले म्हणजे एक कसोटी हाती येते : ज्या विधानाचा निषेध करणारा कोणीही संभवत नाही, त्या विधानातून फारसे काही सांगितले जात नाही. ‘आम्ही उत्कृष्टतेचा पाठपुरावा करतो’ हे वाक्य घ्या. ‘आम्ही सामान्यतेचा पाठपुरावा करतो’ असे म्हणणारी संस्था कल्पनेतही आणणे कठीण आहे. परंतु ‘आम्ही शेतकऱ्याच्या मुलाला कृषिशास्त्र शिकवू’ हे वाक्य ज्या काळी उच्चारले गेले, त्या काळी त्याला विरोध करणारे विद्वान खरोखर होते. म्हणून ते वाक्य अर्थपूर्ण होते.

मुळात अशी निवेदने अमेरिकेतच एवढी का फोफावली, हा प्रश्न आधी विचारात घ्यावयास हवा. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. राष्ट्रीय विद्यापीठ स्थापन करावे असे जॉर्ज वॉशिंग्टनला वाटत होते, परंतु ते झाले नाही. उच्च शिक्षण चर्च, घटकराज्ये, धनिक दाते आणि स्थानिक मंडळे यांच्या हाती वाढले. आपले प्रयोजन ठरवून देणारी मध्यवर्ती सत्ता नसल्यामुळे प्रत्येक संस्थेला ते स्वतःच सांगणे प्राप्त झाले. पुढे अधिस्वीकृतीची पद्धत आली. संस्थेचे परीक्षण तिने स्वतः घोषित केलेल्या ध्येयाच्या संदर्भात करावयाचे, हे तीमागील तत्त्व आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या प्रभावाने, विशेषतः १९८० नंतर, ह्या निवेदनांना आजचे साचेबंद रूप मिळाले. त्यांतील आशय मात्र बराच जुना असून तो थराथराने साचत आलेला आहे.

पहिला थर धार्मिक आहे. हार्वर्डची स्थापना १६३६ मध्ये मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या विधिमंडळाच्या ठरावाने झाली. विद्यमान धर्मोपदेशकांच्या पिढीनंतर अशिक्षित उपदेशकांच्या हाती धर्म जाईल, ही त्यामागील भीती होती. १६५० च्या सनदेत इंग्रज तरुणांबरोबर मूलनिवासी तरुणांच्या शिक्षणाचाही उल्लेख आहे. १७०१ च्या येलच्या सनदेने धर्मसंस्थेबरोबर नागरी शासनाच्या सेवेसाठी तरुण तयार करण्याचे उद्दिष्ट सांगितले.

दुसरा थर उपयुक्ततेचा. १८२८ मध्ये येलच्या अध्यापकांनी एका अहवालाद्वारे ग्रीक व लॅटिन यांच्या अभ्यासक्रमाचे समर्थन केले होते. मनाला शिस्त लावणे हे महाविद्यालयाचे कार्य, व्यवसाय शिकविणे हे नव्हे, असा त्याचा मथितार्थ होता. ह्या पार्श्वभूमीवर १८६२ चा मॉरिल कायदा पाहिला पाहिजे. लिंकनने स्वाक्षरी केलेल्या ह्या कायद्याने प्रत्येक घटकराज्याला त्याच्या काँग्रेसमधील दर सदस्यामागे ३०,००० एकर जमीन देऊ केली. तिच्या उत्पन्नातून कृषी व यांत्रिक विद्या शिकविणारी महाविद्यालये चालावयाची होती. मात्र शास्त्रीय विषय व अभिजात विद्या वगळू नयेत, असेही त्यात म्हटले होते. अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही ह्या परंपरेतून आलेली त्रिसूत्री भारतातही पोचली. इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने १९६० मध्ये पंतनगर येथे भारतातील पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले, आणि महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठांचे कार्यही ह्याच तीन अंगांत विभागलेले आहे.

तिसरा थर संशोधनाचा. १८७६ मध्ये बाल्टिमोर येथे सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने जर्मन विद्यापीठांच्या धर्तीवर चर्चासत्र आणि पदव्युत्तर संशोधन यांना केंद्रस्थान दिले. पाठ केलेले म्हणून दाखविण्याच्या जुन्या महाविद्यालयीन पद्धतीला हा उघड विरोध होता. वैदिक पदसूचीचा कर्ता मॉरिस ब्लूमफील्ड हा ह्याच विद्यापीठाचा डॉक्टरेट घेतलेला विद्यार्थी आणि पुढे तेथील अध्यापक होता, ही गोष्ट आपल्या विषयाच्या अभ्यासकांना ठाऊक असेलच.

चौथा थर अध्यापनस्वातंत्र्याचा. १९१५ मध्ये विद्यापीठीय अध्यापकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि कोलंबिया विद्यापीठातील तत्त्वज्ञ जॉन ड्यूई तिचा पहिला अध्यक्ष झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्याच सुमारास, १९१३ ते १९१६ ह्या काळात, कोलंबियात शिकत होते, आणि ड्यूईच्या विचारांचे ऋण त्यांनी पुढे मान्य केले. परंतु १९१७ मध्ये त्याच विद्यापीठाने युद्धविषयक भूमिकेवरून जेम्स कॅटेल ह्या मानसशास्त्रज्ञाला काढून टाकले, आणि इतिहासकार चार्ल्स बिअर्ड याने निषेधार्थ राजीनामा दिला. मूल्य घोषित होणे आणि ते पाळले जाणे यांत किती अंतर असू शकते, हे त्यावरून दिसते.

हे चारही थर आजच्या निवेदनात एकाच वाक्यात सुखाने नांदताना दिसतात. ज्या विरोधांतून ते जन्मले त्यांचा मागमूस वाक्यात राहिलेला नाही. म्हणून वाक्य गुळगुळीत वाटते. परंतु विरोध पुन्हा उभा राहिला की तेच शब्द अर्थाने भरून येतात. त्याची दोन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण विस्कॉन्सिनचे. तेथील राज्य विद्यापीठाचे ध्येय कायद्यात नमूद आहे, आणि सत्याचा शोध हा सर्व उद्दिष्टांच्या मुळाशी आहे असे त्यात म्हटले आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्या अर्थसंकल्पाच्या मसुद्यात हे शब्द गाळून राज्याच्या मनुष्यबळाच्या गरजा भागविण्याचे उद्दिष्ट घातलेले आढळले. तीव्र टीका होताच मसुद्यातील चूक असे म्हणून बदल मागे घेण्यात आला. तोपर्यंत किती जणांनी ते कलम वाचले असेल, हे सांगता येत नाही. पण शब्द पुसला जाऊ लागताच त्याचे मूल्य सर्वांना कळले.

दुसरे उदाहरण डार्टमथचे. मोहिगन जमातीतील धर्मोपदेशक सॅम्सन ऑकम याने १७६६ ते १७६८ ह्या काळात ब्रिटनमध्ये फिरून मूलनिवासी मुलांच्या शाळेसाठी सुमारे १२,००० पौंड जमविले. त्या पैशाचा आधार लाभलेल्या ह्या महाविद्यालयाच्या १७६९ च्या सनदेत मूलनिवासी तरुणांचे शिक्षण हा हेतू प्रथम येतो. इंग्रज तरुणांचा उल्लेख त्यानंतर. प्रत्यक्षात इंग्रज तरुणांचेच महाविद्यालय झाले, आणि ऑकमने संस्थापक एलिझर व्हीलॉक याला पत्राने आपली निराशा कळविली. १८१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सनद म्हणजे एक करार असून राज्याला ती परस्पर बदलता येणार नाही, असा प्रसिद्ध निर्णय दिला. महाविद्यालयाची स्वायत्तता सनदेने राखली. सनदेतील पहिला हेतू मात्र तसाच पडून राहिला. पहिल्या दोनशे वर्षांत पदवी मिळविलेल्या मूलनिवासी विद्यार्थ्यांची संख्या वीसही नव्हती. १९७० मध्ये अध्यक्ष जॉन केमेनी यांनी ह्या मूळ हेतूला संस्था पुन्हा बांधून घेतली, आणि त्यानंतर मूलनिवासी विद्यार्थी तेथे मोठ्या संख्येने येऊ लागले. दोनशे वर्षे न पाळलेले वाक्य निरर्थक होते असे म्हणता येत नाही. ते लिखित होते म्हणूनच त्याचा आधार घेऊन जाब विचारता आला.

ह्याच दृष्टीने ‘वैविध्य’ ह्या शब्दाकडे पाहावे. काही वर्षांपूर्वी तो यादीतील एक सर्वमान्य अलंकार वाटत असे. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत घटनाबाह्य ठरविली. त्याच वर्षी टेक्सस व फ्लॉरिडा ह्या राज्यांनी सार्वजनिक विद्यापीठांतील वैविध्यविषयक कार्यालये व खर्च यांवर कायद्याने निर्बंध घातले. ह्या शब्दाचा निषेध करणारे पुढे आले, तेव्हा तो कोणत्या व्यवहाराचा निदर्शक होता हे स्पष्ट झाले.

तात्पर्य, ध्येयनिवेदनाची भाषा रिकामी आहे की भरीव, हे नुसत्या शब्दांकडे पाहून ठरविता येत नाही. प्रत्येक शब्दाबाबत तीन प्रश्न विचारावे लागतात : तो प्रथम कोणाच्या विरोधात उच्चारला गेला, आज त्याचा निषेध कोण करील, आणि संस्थेने तो मोडला तर त्याच्या आधारे तिला जाब विचारण्याची सोय कोणाला आहे. ह्यांपैकी तिसरा प्रश्न भाषाविज्ञानाच्या सीमेबाहेरचा वाटेल. परंतु वचन ऐकणारा आणि त्याची आठवण देणारा कोणीतरी असल्याखेरीज वचन हे वचनच होत नाही. तेव्हा तोही अर्थाचाच प्रश्न आहे.